वर्गणीची मुंबई

दिवाळी आटोपली की आमच्याकडे परदेशातल्या भाच्या-पुतण्यांचे निरोप यायला लागतात. "आत्या, डिसेंबरात तीन आठवडे येतोय. मुलांना मुंबई दाखवायची आहे. बघण्यासारखं काय काय आहे?" मग मी माझी जुनी यादी काढते. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि त्यातली बहुतेक वर्षं सहलीची जबाबदारी माझ्याच गळ्यात असायची. त्यामुळे यादी तोंडपाठ आहे. राणीचा बाग, म्युझियम, मत्स्यालय, म्हातारीचा बूट, गेटवे, आणि वेळ उरलाच तर चौपाटीवर भेळ! तुमच्यापैकी ज्यांचं बालपण मुंबईत गेलं त्यांची यादी याहून फार वेगळी नसणार.

यंदा ही यादी लिहून पाठवताना मात्र मनात आलं, की या जागा झाल्या कशा? कोणी बांधल्या, कोणाच्या पैशाने, आणि कोणासाठी? आणि आणखी एक... यातली एकही जागा आमच्या मरोळच्या आसपास का नाही? बाईंना प्रश्न पडला की बाई पुस्तकं काढून बसतात, हे माझ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. त्या बसण्यातून जे हाती लागलं आणि जे आधीपासून डोक्यात होतं ते इथे मांडते आहे. थोडं लांबलं आहे. चहा घेऊन बसा.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते सोपं आहे. मरोळ ही मुंबई नव्हतीच! १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी इंग्रजांच्या राजाला जी मुंबई आंदण दिली, ती दक्षिणेकडची छोटी बेटं. आम्ही साष्टीतले. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत ती मराठ्यांकडे आली, आणि १७७४ च्या अखेरीला ठाण्याबरोबर ती इंग्रजांनी घेतली. महापालिकेच्या हिशेबात तर आम्ही फारच उशिरा आलो. १९५० साली अंधेरीपर्यंतचा भाग मुंबईत आला आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा. म्हणजे मी जन्मले त्या सुमारास मरोळ मुंबईत आलं. आमच्या गावठाणातली जुनी माणसं अजूनही फोर्टात जायचं असलं तर "मुंबईला जाऊन येतो" असंच म्हणतात. लग्न होऊन गिरगावातून मरोळला आले तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. आता मीही तसंच म्हणते.

आता मुंबईकडे वळू. इंग्रजांनी करमणुकीची पहिली सोय केली ती स्वतःसाठी. किल्ल्यात जे मोकळं मैदान होतं (आजच्या हॉर्निमन सर्कलचा परिसर) तिथे १७७६ साली नाटकगृह उभं राहिलं, तेही वर्गणी काढून. टाउन हॉल, म्हणजे आपल्या एशियाटिकच्या पायऱ्या, हा तर आणखी मजेदार प्रकार. त्याच्यासाठी पैसे उभे करायला चक्क लॉटरी काढली होती! लॉटरीने भागलं नाही, सरकारला हात घालावा लागला, आणि १८३३ साली इमारत पुरी झाली. पण हे सगळं साहेबांचं. एतद्देशीयांनी त्यात पैसे घालावेत, पण आत यायचं की नाही हे साहेब ठरवणार.

हे चित्र बदललं ते नाना शंकरशेट आणि त्यांच्या पिढीच्या माणसांनी. ग्रँट रोडला नाटकगृह झालं १८४६ साली, जागा नानांची. आणि तिथेच १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी मुंबईकरांना मराठी नाटक दाखवलं. किल्ल्याच्या भिंतीबाहेर, जिथे आपली माणसं राहत होती तिथे नाटकगृह गेलं, म्हणून आपली माणसं आत गेली. जागा कुठे आहे यावरून ती कोणाची हे ठरतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राणीच्या बागेची गोष्ट अशीच. त्याआधी बागायतीच्या संस्थेची एक बाग शिवडीला होती, ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली. म्हणून भायखळ्याला नवी बाग. संग्रहालयाचंही तेच. पहिलं संग्रहालय किल्ल्यातल्या बराकीत होतं, पण १८५७ चा उठाव झाला आणि लष्कराला बराकी हव्या झाल्या. वस्तू बाहेर! १८५८ साली राज्य कंपनीकडून राणीकडे गेलं तेव्हा मुंबईत सभा भरली आणि राणीच्या नावाने बाग आणि संग्रहालय उभारायचं ठरलं. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड वर्गणी गोळा करण्यात पुढे होते. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रियर यांच्या हस्ते बाग उघडली आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसवली.

पुढे काय झालं हे सातवीच्या मुलांना सांगताना मला फार आवडायचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि शेअर्सचं वेड लागलं. युद्ध संपलं १८६५ साली आणि सगळा डोलारा खाली आला. त्याच वर्षी नाना वारले. वर्गणी आटली. अर्धवट इमारत सरकारला पुरी करावी लागली, आणि २ मे १८७२ ला संग्रहालय लोकांसाठी उघडलं. दोनच वर्षांनी भाऊ दाजी गेले. ज्यांनी दारोदार जाऊन पैसे मागितले त्यांचं नाव मात्र इमारतीला लागायला १९७५ साल उजाडावं लागलं. तोवर ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. बागेला वीरमाता जिजाबाईंचं नाव त्याआधी, १९६९ साली मिळालं. आपण सगळे तरी राणीचा बागच म्हणतो, हा भाग वेगळा!

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे. मुलं त्याच्याकडे न बघता जिवंत हत्तीकडे पळायची. मी त्यांना धरून ठेवायची. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. तुकडे राणीच्या बागेत आले, आणि १९१४ साली ते पुन्हा जोडून उभे केले गेले. साखळी तुटली नसती तर आज तो लंडनच्या एखाद्या दालनात असता आणि आपण तिकीट काढून, विमानाने जाऊन बघितला असता. त्याच्या अंगावरचे सांधे नीट बघा, दिसतात.

मग चार आण्यांची गोष्ट. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. त्या काळी रुपया म्हणजे मजुराला विचारसुद्धा करता येणार नाही. पण आठवड्याभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवले. पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी बसायची सोयही केली. हा बदल कोणी परोपकारासाठी केला नाही, धंद्यासाठीच केला. तरी परिणाम बघा. चार आण्यांनी दार उघडलं, आणि त्या गर्दीतून या शहराला सिनेमाचं वेड लागलं. तीन वर्षांनी सावेदादा भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनमध्ये लावलेली कुस्ती कॅमेऱ्याने टिपली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला.

हँगिंग गार्डनचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. १८८१ साली झालेली ही बाग म्हणजे पाण्याच्या टाक्यांवर घातलेलं झाकण आहे. खाली शहराचं पाणी, वर फुलझाडं. आणि पाणी कुठलं? शहराला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते विहार तलावातून, १८६० साली. पुढे १८७९ ला तुळशी तलाव झाला आणि त्याचं पाणी मलबार हिलच्या टाकीत जायला लागलं. विहार, तुळशी, पवई ही सगळी आमच्या बाजूची. आरेची दूध वसाहत झाली १९४९ नंतर, म्हणजे मुंबईचं बाटलीतलं दूधही इकडूनच. थोडक्यात, पाणी आणि दूध साष्टीतून जायचं आणि बगीचा मलबार हिलवर फुलायचा! तक्रार नाही, पण भूगोलाच्या तासाला हे सांगायलाच हवं.

विसाव्या शतकातही वर्गणी आणि देणग्यांची ही रीत चालू राहिली. फोर्टातल्या मोठ्या म्युझियमची पायाभरणी १९०५ ला झाली, इमारत १९१४ ला तयार झाली, पण महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी इस्पितळ आलं. लोकांना आत जायला १० जानेवारी १९२२ उजाडला. आतल्या किती वस्तू सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या घरच्या संग्रहातून आल्या आहेत, ते दालनातल्या पाट्या वाचल्या की कळतं. शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं, तेही एका पारशी दात्याचं नाव लावणारं. (ते सध्या बंद आहे बरं का. लांबून येणाऱ्यांनी तिकडे खेप घालू नये.) म्हातारीचा बूट असलेली कमला नेहरू बाग १९५२ ची. माझ्या पिढीचं बालपण या तीन-चार जागांनी घडवलं. गिरगावच्या चाळीतलं एका खोलीतलं आमचं कुटुंब, वडील गिरणीच्या ऑफिसात कारकून. पण रविवारी आम्हीही त्या बुटात चढलोय, आणि शेजारी मोटारीतून उतरलेली मुलंही चढली आहेत. तिथे रांग एकच होती.

आता मरोळ. तुम्ही म्हणाल, बाई, तुमच्याकडे बघायला काय आहे? मेट्रोचे खांब?

शाळेतून मी एकदा सातवीच्या वर्गाला चालत महाकालीच्या लेण्यांवर नेलं होतं. मोठ्या सहलीला ज्यांना पैसे भरता आले नव्हते अशी दहा-बारा मुलं वर्गात होती, म्हणून मुख्याध्यापकांना म्हटलं, एक सहल बिनपैशाची काढू. पोळीभाजीचे डबे घेतले आणि निघालो. पोचल्यावर एक मुलगा जरा घुटमळला. तो लेण्यांच्या खालच्याच वस्तीतला. रोज संध्याकाळी तिथेच खेळायचा. मला हळूच विचारलं, "बाई, मुंबई बघितली असं म्हणताना ह्याला धरतात का?"

मी म्हटलं, "ह्याला आधी धरायचं."

कारण ही लेणी मुंबईहून जुनी आहेत! मूळ नाव कोंडिविटे. एकोणीस लेणी, बौद्ध भिक्षूंची. सुरुवातीची इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची, शेवटची सहाव्या शतकातली. नऊ नंबरच्या लेण्यात स्तूप आहे आणि त्याच्याभोवती दगडातच कोरलेली गोल झोपडी, जाळीच्या खिडक्यांसकट. असली रचना महाराष्ट्रात सहसा बघायला मिळत नाही. बिहारमधल्या बराबरच्या सुदामा लेण्याशी अभ्यासक तिचं नातं लावतात. त्या जाळीच्या वर ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह बौद्ध भिक्षूंना विहार दान दिल्याचा. कान्हेरीला गेलात तर तिथेही असेच दानलेख. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी. कोणी लेणं दिलं, कोणी पाण्याचं टाकं. म्हणजे नाना शंकरशेटांच्या वर्गणीची वही साष्टीत दोन हजार वर्षांपूर्वीच उघडली होती, आणि ती दगडावर लिहिलेली आहे. मुलांना मी तो लेख दाखवला. वाचता कोणालाच येत नव्हता. पण तो मुलगा बराच वेळ खालून मान वर करून बघत राहिला.

दुसरी जागा याहून अवघड. सीप्झच्या आवारात एक पडकं चर्च आहे. पोर्तुगीज काळातलं, १५७९ साली जेझुइट पाद्र्यांनी बांधलेलं. १८४० च्या सुमाराला साथ आली, लोकांनी जागा सोडली आणि वस्ती मरोळला आली. सोबत मूर्ती आणि खांब घेऊन आली. आज मरोळचं जे सेंट जॉन चर्च आहे ते या स्थलांतरातून झालेलं. सीप्झ झालं १९७३ साली आणि जुनी भिंत कुंपणाच्या आत राहिली. आता एरवी सहज आत जाता येत नाही. वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे प्रार्थना होते, तेव्हा आमचे ईस्ट इंडियन शेजारी नटूनथटून जातात. आमच्या शेजारच्या आजी त्यांच्या मराठीत म्हणायच्या की तो आमचा जुना गाव. साथीत ओस पडलेलं गाव ज्यांनी पावणेदोनशे वर्षं विसरलं नाही, त्यांच्या शेजारात आपण राहतो हे मला मोठं वाटतं.

या दोन्ही जागा शाळेच्या सहलीच्या यादीत कधी आल्या नाहीत. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि नंतर मुलांना सहल म्हटलं की तेच डोळ्यांसमोर यायचं. त्यात मुलांचा दोष नाही, पाळणे कोणाला आवडत नाहीत? मीही दोनदा बसले आहे! पण त्या सहलीला अर्धा वर्गच यायचा, कारण बाकीच्यांना परवडायचं नाही. तेही आता बंद झालं. कोंडिविट्याचा स्तूप आहे तिथेच आहे.

परवडण्याचा हा मुद्दा मला आजही टोचतो. राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून पेंग्विन आणले. २०१७ च्या मार्चमध्ये ते लोकांना बघायला मिळाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झालं. आई, वडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये अशी सवलत ठेवली, हे चांगलं केलं. पैसे लागतात हे मला कळतं. पाच रुपयांत बाग राखता येत नाही, आणि पेंग्विनना थंडी विकत आणावी लागते. पण आजी-आजोबा, काका, त्यांची मुलं असं बारा माणसांचं कुटुंब घेऊन येणारा माणूस शंभरात बसत नाही. आणि खरं म्हणजे ही बाग अशाच माणसांनी आजवर जिवंत ठेवली. गोऱ्यांच्या नावाने उघडलेली बाग गिरणगावाची झाली ती या बारा-बारा माणसांच्या रविवारांमुळे. तिकीट वाढवताना हा हिशेबही कोणीतरी मांडावा, एवढंच माझं म्हणणं. चार आण्यांनी काय होतं ते १८९६ ने दाखवलं आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून आनंदाची. जागा कुठे आहे यावरून ती कोणाची ठरते, असं वर म्हटलं होतं. ते अंतर आता आटतंय. पूर्वी आम्ही वर्ग घेऊन निघायचो तेव्हा मरोळहून बसने अंधेरी, लोकलने दादर, पूल चढून-उतरून भायखळ्याची गाडी, प्रत्येक टप्प्यावर डोकी मोजायची. २०१४ च्या जूनमध्ये मरोळ नाक्याला पहिली मेट्रो आली. २०२४ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो सुरू झाली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. मरोळ नाक्याला बसायचं आणि हुतात्मा चौकात उतरायचं. म्युझियम आणि जहांगीर पायी. गुडघ्यांसाठी सरकते जिने आहेत, हे माझ्या वयाच्या मंडळींना मुद्दाम सांगते! पण मेट्रो दोन्ही दिशांनी चालते. कुलाब्याच्या शाळांनी आता मुलांना घेऊन इकडे यावं. महाकालीची लेणी दूर नाहीत.

तर मंडळी, यंदाची सुधारलेली यादी अशी. पहिला दिवस कोंडिविटे, सकाळी लवकर, डबा आणि पाणी घेऊन. दुसरा दिवस कान्हेरी, तिथे पायऱ्या आहेत, चांगल्या चपला घाला. तिसरा दिवस राणीचा बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय. बुधवारी बंद असतं, आणि जाण्याआधी एकदा चौकशी करा. दगडी हत्तीला चुकवू नका. चौथा दिवस फोर्ट: टाउन हॉलच्या पायऱ्या, म्युझियम, जहांगीर, आणि संध्याकाळी गेटवे. मुलांना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, हे कोणाच्या पैशाने झालं? उत्तर दगडावर, पाटीवर किंवा नावात कुठेतरी सापडतंच. त्यांना शोधू द्या.

आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गावठाणात, वाडीत, टेकडीवर यादीत न धरलेली अशी एखादी जागा असेल, तर जरूर कळवा. माझ्या वहीत अजून पानं शिल्लक आहेत.